मान उचला, अम्मा

आमच्या भुलीच्या डॉक्टरांना माणसाची ओळख करून घ्यायची एकच रीत माहीत होती. त्याला आडवं करायचं आणि म्हणायचं, "मान उचला."

पेशंटचं एक वेळ ठीक आहे. ऑपरेशननंतर त्याच्या स्नायूंत ताकद परत आली की नाही हे बघायचं तर त्याने उशीवरून डोकं वर उचलून धरायला हवं, ही भूलशास्त्रातली जुनीच कसोटी आहे. पण डॉक्टरांनी ती कोणालाच माफ केली नाही. कंबर धरली म्हणून बाकावर पडलेला हेडक्लार्क, जेवणानंतर लिंबाखाली लवंडलेला वॉचमन, रक्तदाब तपासायला आलेला तहसील कचेरीतला नाझर, सगळ्यांना मान उचलावी लागली. मान वर गेली की डॉक्टर तेलुगूत मोजायचे, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु, ऐदु." पाचापर्यंत मान टिकली की "सरे, जित्ता हाय," म्हणून पुढे चालू लागायचे. बायकांना ते वयाचा विचार न करता अम्मा म्हणत. मी तेव्हा जेमतेम पंचविशीची होते, तरी डॉक्टर रागावले की मीसुद्धा अम्मा.

मी त्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स होते. दवाखाना आदिलाबाद जिल्ह्यातलाच एक, सरकारी, नाव सांगण्यात काही मतलब नाही. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि समुद्राकडच्या नोकरदारांना इकडे तबादला म्हणजे शिक्षा वाटायची. ऑर्डर हातात पडली त्या दिवसापासून लोक परतीची खटपट सुरू करत. हे गृहस्थ मात्र एक पत्र्याची ट्रंक आणि लोणच्याची बरणी घेऊन बसमधून उतरले आणि इथलेच होऊन गेले. आधीच्या दवाखान्यात त्यांनी कोणा बड्या सर्जनला थिएटरबाहेर काढलं होतं, अशी बातमी त्यांच्या आधी येऊन पोचली होती. मी एकदा सरळ विचारलं.

"बाहेर काढलं नाही," ते म्हणाले. "चप्पल घालून आला होता. बाहेर थांब म्हणालो. तो आजून थांबूनच हाय."

मराठी ते आमच्या वॉर्डात शिकले, बाळंतिणींकडून आणि कापूसवाल्यांकडून. त्यामुळे त्यांच्या तोंडी पुस्तकातला एक शब्द नव्हता. मी शाळेत मेहनतीने कमावलेली मराठी त्यांच्यासमोर काढली की म्हणायचे, "सिस्टर, रेडिओ काऊन लावला?" लोक त्यांना झोपवणारा डॉक्टर म्हणत, त्याचा त्यांना भारी राग. "झोपवाले तं दारूबी झोपवते," ते म्हणत. "मी उठवतो. माहा पगार उठवाचा हाय."

त्यांचा उजवा हात कधी स्वस्थ नसायचा. बोलताना, चहा पिताना, बसमध्ये खिडकीशी बसलेले असताना बोटं हवेत काहीतरी दाबत राहायची. भूल दिलेल्या माणसाला ज्या काळ्या रबरी पिशवीने श्वास देतात, ती दाबायची ही सवय. त्यांच्याजवळ फुटबॉलचा एक जुना ब्लॅडर होता. दुपारी काम संपलं की ते स्वयंपाकी, झाडूवाली, वॉचमन, क्लार्क, जो सापडेल त्याला धरून तो ब्लॅडर दाबायला शिकवत. हळू दाब, पूर्ण सोड, छाती वर येते का ते पाह्य, घाई नाही. "सिलिंडर संपते, करंट जाते, मशीन बिघडते," ते म्हणायचे, "हात संपत नाही." आम्ही हसायचो. मी तर त्यांची नक्कल करून मेसमध्ये सगळ्यांना हसवायची.

मग शेवंता आली. तलमडुगूकडच्या एका खेड्यातली, कापूस-ज्वारीच्या शेतकरी घरातली तरणीताठी बाई. अपेंडिक्स सुजलं होतं. सकाळची केस, रोजची. डॉक्टरांनी गुंगी दिली आणि घशात नळी घालायला सोपं जावं म्हणून स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं. त्या औषधाचं नाव लांबलचक, थिएटरमध्ये आम्ही त्याला नुसतं सक्सा म्हणत असू. ते माणसाचं सगळं अंग ढिलं पाडतं, श्वाससुद्धा थांबवतं, पण थोड्याच मिनिटांत आपोआप उतरतं. तेवढा वेळ पिशवी दाबायची, इतकंच काम. शेवंताचं औषध उतरलं नाही. अपेंडिक्स निघालं, टाके पडले, गुंगीसुद्धा बंद केली, तरी तिची पापणी हलेना की छाती हलेना.

सर्जनसाहेब हातमोजे काढत म्हणाले, "गेली वाटते केस. नातेवाइकांना बोलावून घ्या."

डॉक्टरांचं बोट तिच्या मानेवरच्या नाडीवर होतं. त्यांनी मान वर करून सर्जनकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाहेर जा नाहीतर चूप राहा. तुमी बोलले अन् तिची नाडी पळाली. थे ऐकून राह्यली."

मी वाकून पाहिलं. शेवंताच्या बंद डोळ्याच्या कडेतून पाणी येऊन कानाकडे चाललं होतं. बाई जागी होती, सगळं ऐकत होती आणि करंगळीएवढाही स्नायू तिचं ऐकत नव्हता.

डॉक्टरांनी तिला थोडी गुंगी परत दिली. पण ती किती पुरेल याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. "शेवंताअम्मा, तुमी जित्या हा. दवा जास्त लागली, बस. तुमचा श्वास माह्या हातात हाय, मी सोडत नाही. आता सिस्टर दाबन. तिचा हात चांगला हाय, तोंड खराब हाय." मग मी दाबली. मग वॉचमन आला, हात धुऊन, डोक्याला फडकं बांधून. मग झाडूवाली, मग स्वयंपाकी, मग हेडक्लार्क. ज्याची त्याची पाळी, हळू दाब, पूर्ण सोड, आणि कोणीही आला की डॉक्टर शेवंताला त्याची ओळख करून देत. दुपारी करंट गेला तेव्हा खिडक्या उघडल्या आणि काम तसंच चालू राहिलं. जेवणवेळेनंतर सर्जनसाहेब आत आले. त्यांनी हात पुढे केला आणि पिशवी घेतली. डॉक्टरांनी शेवंताला सांगितलं, "आता मोठे साहेब हायेत. हेबी चांगलं दाबते."

ऊन उतरताना तिचं बोट हललं. मग पापणी. मग स्वतःचा एक श्वास, कच्चा, आणि त्याच्यामागे दुसरा. नळी निघाल्यावर डॉक्टर तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मान उचला, अम्मा." शेवंताने मान उचलली. पाचापर्यंत मोजताना डॉक्टरांचा आवाज फाटला. मेसमध्ये नक्कल करणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिने आम्हाला सांगितलं, "साहेब म्हणले गेली. मले वाटलं, आपुन खरंच गेलो काय. मंग हे कानात बोलून राह्यले, तं म्या म्हटलं, मेलेल्या माणसासंगं कोणी एवढं कायले बोलन."

खरी गोष्ट तिथून सुरू झाली. शेवंताला बघायला तिची आत्या आली होती, मैनाआत्या, कपाळापासून मनगटापर्यंत गोंदलेली, ताठ कण्याची म्हातारी. सोबत शेवंताची धाकटी बहीण गंगू. गंगूचं लग्न आत्याच्याच मुलाशी झालेलं, त्यामुळे मैनाआत्या तिची आत्याही आणि सासूही. गंगूला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला मूल अडून घरीच दगावलं होतं, आणि आमच्या लेडी डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं की हाड अरुंद आहे, या वेळी ऑपरेशन करून मूल काढलं नाही तर दोघंही हाती लागणार नाहीत.

मैनाआत्या म्हणाली, "आमच्या घराले सुई धकत नाही. माही थोरली पोरगी दूरच्या एका दवाखान्यात अशीच गेली. टेबलावर घेतली, सुई देली, अन् थे उठलीच नाही. मी बाहेर बसून होती. आता शेवंती जाता जाता राह्यली. गंगी घरीच बाळंत होईन."

नंतर आत्याच्या नकळत व्हरांड्यात मला गाठून गंगूने विचारलं, "बाई, जागीच फाडता येते काय? मी वरडणार नाही. मले फक्त झोपवू नका." तिच्या तोंडाकडे मला पाहवेना.

डॉक्टरांनी मैनाआत्याचं बोलणं ऐकलं आणि त्यांची बोटं दाबायची थांबली. आत्याची मुलगीही तशीच, भाचीही तशीच, म्हणजे प्रकरण रक्तातलं. सक्सा हे औषध फोडून टाकणारा एक पदार्थ सगळ्यांच्या रक्तात असतो. एखाद्या घराण्यात काहींच्या अंगी तो जवळजवळ नसतोच, आणि एरवी जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. पण पुस्तक दाखवून मैनाआत्या ऐकणार नव्हती, आणि या घरात आणखी कोणाकोणाला धोका आहे हे पुस्तक सांगणार नव्हतं. डॉक्टरांनी ठरवलं, आख्ख्या घराण्याचं रक्त तपासायचं आणि गंगूचे दिवस भरायच्या आत तपासायचं. सुपरिंटेंडेंट म्हणाले, हे आपलं काम नव्हे. डॉक्टर म्हणाले, मग मी रविवारी करीन.

रविवारी आम्ही दोघं थर्मासमध्ये बर्फ घेऊन त्यांच्या खेड्यात गेलो. आमच्या आधी गावात बातमी पोचली होती की कोणी तेलुगू डॉक्टर रक्त विकतो. दारं लागली. एका ओसरीवरून विचारणा झाली, "रक्त कायले पायजे? तुमच्याकडं नाही काय?" आम्ही बर्फाचं पाणी घेऊन परत आलो. बसमध्ये डॉक्टर मांडीवर ब्लॅडर घेऊन सबंध रस्ताभर दाबत बसले. शेवटी म्हणाले, "पोरगी मरन, सिस्टर. अन् थेबी देवाच्या नावावर जाईन."

मी म्हटलं, "घरोघर फिरून नाही जमणार, सर. लग्नात या. आमच्याकडं लग्नात सारं गणगोत एका मांडवात भेटते."

हे मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते. शेवंताच्या चुलतभावाचं लग्न गुडीहत्नूरला होतं आणि तिने आम्हाला आमंत्रण दिलं होतं. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून, एक बटण चुकवून, खांद्याला थर्मास लावून मांडवात हजर झाले. हायवेवरून ट्रक जायचे आणि त्यांच्या हॉर्नमध्ये मंगलाष्टकं बुडायची. अक्षता पडल्यावर डॉक्टर नवरदेवाजवळ गेले. तो बिचारा रात्रभरच्या जागरणाने मांडवाच्या कडेला जरा आडवा झाला होता. त्याला त्यांनी मुंडावळ्यांसकट मान उचलायला लावली. वऱ्हाड हसलं, आणि ते हसणंच आमच्या उपयोगी पडलं.

त्यांनी जमिनीवर मूठभर ज्वारी आणि मूठभर तुरीचे दाणे मांडले. बाईसाठी ज्वारी, माणसासाठी तूर. "शेवंताअम्मा, सांगा. हे तुमी. आता बाप कोण, बापाची बहीण कोण, थे कोणाले देली?" बायका गोळा झाल्या. लग्नात नाती सांगायला कोणाला आवडत नाही? पण नाती सांगता सांगता डॉक्टरांचे दाणे पुरेनात. "हे माही मामी हाय. अन् आतेबहीणबी हाय." "हा माहा दीर, पण माहेराकडून पाह्यलं तं मामेभाऊ लागते." आमच्या भागात आतेभाऊ-मामेबहीण हे लग्न सगळ्यांत चांगलं. पोरगी परक्या घरी जात नाही, आत्याच्याच घरी जाते. कुठूनही रेघ काढली तरी ती त्याच दोन घरांवर येत होती. डॉक्टर मांडी घालून त्या दाण्यांकडे बघत बसले. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तोच दोष आला की पोराच्या रक्तात तो पदार्थ उरत नाही, हे त्यांना समोर दिसत होतं. लग्नमांडवात बोलायची ती गोष्ट नव्हती, एवढं त्यांना कळत होतं.

मग शेवंता पुढे आली आणि तिने बाही वर केली. "मी मरून परत आली. मले कायचं भेव? घ्या." तिच्या मागून तिच्या जावा आल्या. बायकांनी दिलं म्हटल्यावर पुरुषांना मागे राहता येईना. मैनाआत्या आहेरात गुंतलेली पाहून गंगूनेही पटकन हात पुढे केला. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत थर्मास भरला होता. डॉक्टर त्याच कपड्यांत हैद्राबादच्या बसमध्ये चढले. तिथल्या एका कॉलेजात त्यांचा वर्गमित्र होता आणि त्याच्याकडे ही तपासणी व्हायची.

निकाल आला तो त्यांच्या अंदाजासारखाच. काहींच्या रक्तात तो पदार्थ पुरेसा, बऱ्याच जणांत निम्मा, आणि शेवंता, गंगू आणि आणखी काही नातलगांत जवळजवळ नाहीच. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी मला कॅन्टीनमध्ये दोन वेळा चहा पाजला. आम्ही पुन्हा खेड्यात गेलो. या वेळी ओसरीवर बसायला घोंगडी मिळाली. डॉक्टरांनी मैनाआत्याला समजावलं. "अम्मा, कापसाची गाडी मार्केटात येते. हमाल उतरवते, गाडी खाली होते, निंघून जाते. तुमच्या घरात कोणाकोणाच्या रक्तात हमाल नाही. मंग थ्या दवाची गाडी फाटकातच उभी राह्यते. श्वासाले रस्ता नाही."

मैनाआत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "मंग मी काय म्हणत होती?" ती म्हणाली. "आमच्या घराले सुई धकत नाही. आता तं तुमच्या मशीननंबी सांगतलं."

जे सिद्ध करायला डॉक्टर रविवारामागून रविवार झिजले होते, त्याने त्यांचीच वाट बंद झाली. ज्यांना ज्यांना धोका होता त्यांना त्यांनी छापील कार्डं दिली होती, दवाखान्यात गेलं की हे दाखवा म्हणून. आम्ही उठलो तेव्हा त्यातलं एक चुलीच्या तोंडाशी पडलेलं दिसलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या, सर. आपण सांगितलं. आता त्यांचं नशीब."

ते रस्त्यात थांबले. मी त्यांना इतकं रागावलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "जाऊ द्या म्हणजे? कुठं जाऊ द्या? शेवंताच्या येळंला तुमी पिशवी सोडली काय? हात दुखला म्हणून जाऊ द्या म्हटलं काय? हेबी तसंच हाय, अम्मा. दाबत राहाचं."

त्याच आठवड्यात त्यांचा तबादला आला, पार खाली रायलसीमेकडे. दुसरा कोणीही पेढे वाटून निघाला असता. यांनी सुपरिंटेंडेंटकडे आजारपणाच्या रजेची दरख्वास्त दिली आणि कारण लिहिलं, स्नायूंचा अशक्तपणा. सुपरिंटेंडेंट मिश्कील माणूस. त्यांनी डॉक्टरांना तपासणीच्या टेबलावर आडवं केलं आणि म्हणाले, "मान उचला." डॉक्टरांनी मान उचलली आणि खाली ठेवेचनात. सुपरिंटेंडेंट मोजून थकले. "फारच अशक्त आहात," असं म्हणून त्यांनी सही केली. नवा डॉक्टर काही लवकर येणार नव्हता, त्यामुळे हा आजारी माणूस रोज सकाळी थिएटरमध्ये हजर असायचा आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

गंगूला नववा लागला तसे आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी त्यांच्या अंगणात गोंदणारीण आली होती. गुडीहत्नूरच्या लग्नातली नवी सून हात पुढे करून बसलेली, गोंदणारीण गाणं गुणगुणत सुयांचा जुडगा टोचत होती आणि मैनाआत्या शेजारी बसून कुठे काय काढायचं ते सांगत होती. डॉक्टर जाऊन उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अम्मा, हे सुई धकते?"

"हे आमची सुई हाय."

"सुईच हाय ना?"

"सुई हाय. पण हिच्यात काजळ हाय. तुमच्या सुईत दवा राह्यते."

मैनाआत्या बोलली आणि बोलता बोलता थांबली. डॉक्टरांनी घाई केली नाही. ते गोंदणारणीच्या हाताकडेच बघत हळूच म्हणाले, "मंग सुई वाईट नाही. दवा वाईट. अन् दवा तं एका कपाटात पन्नास राह्यते, अम्मा. तुमच्या घराले त्यातली एकच वाईट हाय. थे सोडून मी दुसरी देतो. पाठीत देतो. गंगूअम्मा जागी राहीन, माह्यासंगं बोलन."

म्हातारीने नव्या सुनेचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "आमाले वाचता येत नाही," ती म्हणाली. "थे एक दवा कोणती, आमी कसं सांगाव? तुमी आज हा, उद्या तुमचा तबादला होईन. पोरी नांदाले कुठकुठं जाते, एक बेल्लमपल्लीले खाणीवाल्याच्या घरी देली. माही पोरगी गेली तवा तिले बोलता तं येत नव्हतं. बेसुद माणूस काय सांगन? अन् तुमचे कागद तं उंदरानं खाल्ले." तिने आपला हात पुढे केला. कोपराखाली हिरवट झालेली तुळस आणि विंचू. "हे माह्या आईनं गोंदवून देलं. मी एवढी म्हातारी झाली, गेलं काय? गोंदा मंग थ्या दवाचं नाव."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच लहान मुलाचा आनंद पाहिला. मग त्यांनी लगेच कामाला सुरुवात केली. पहिल्यांदा चूल पेटवून गोंदणारणीच्या सुया उकळायला लावल्या, प्रत्येक बाईसाठी वेगळा जुडगा. गोंदणारीण भडकली. "माह्या सुईनं आजवर कोणी आजारी नाही पडलं," म्हणाली. डॉक्टरांनी तिलाही घोंगडीवर आडवं करून मान उचलायला लावली, आणि ती हसत हसत ऐकायला लागली. नाव इंग्रजीत हवं होतं, म्हणजे तेलुगू असो, मराठी असो, कुठल्याही गावचा डॉक्टर वाचू शकेल. गोंदणारणीला ती अक्षरं येत नव्हती. म्हणून मी आधी पेनाने काढायची आणि तिने वरून टोचायचं, असं ठरलं. जिथे नर्स सुई द्यायला हात धरते त्याच जागी, कोपराच्या आत, दोन शब्द. नो सक्सा, म्हणजे सक्सा नको.

माझे वडील अशाच घरांच्या शेतांवर राबले. आमच्या वस्तीतली बाई अशा ओसरीवर चढलेली मी लहानपणी पाहिली नव्हती, माझ्या आईला तर अंगणाच्या कडेला उभं राहून बोलावं लागायचं. त्या दिवशी त्या घरच्या बायका एकेक करून माझ्या मांडीवर हात ठेवत होत्या आणि मी अक्षरं काढत होते. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मी तोंडावरून लपवलं नाही. पहिला हात शेवंताचा. दुसरा गंगूचा. सुई टोचायला लागल्यावर गंगूने डोळे मिटले नाहीत, त्या अक्षरांकडेच बघत राहिली. शेवटी मैनाआत्याने आपला हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, तुमाले कायले? तुमचं रक्त तं तपासलंच नाही." ती म्हणाली, "माह्या पोरीचं माह्या हातावर राहू द्या."

पुढे डॉक्टरांनी हे सगळं भूलतज्ज्ञांच्या एका सभेत मांडलं. रक्ताचे आकडे लोकांनी मन लावून ऐकले. गोंदणाचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगा हसल्या. कोणीतरी उठून म्हणालं, हे काय संशोधन झालं? ते परत आल्यावर मी विचारलं, मग तुम्ही काय उत्तर दिलंत? ते म्हणाले, "काय देणार? आडवं करून मान उचला म्हणता येत नव्हतं, खुर्च्या होत्या." शेवटी रायलसीमेला ते गेलेच. त्यांचा ब्लॅडर मला देऊन गेले, आणि तो मी निवृत्त होईपर्यंत नव्या पोरींना दाबायला लावला. पण ते सगळं गंगूनंतरचं.

गंगू ठरल्या दिवसाआधीच कळा सुरू होऊन आली, बैलगाडीने, सकाळी. मैनाआत्याने थिएटरच्या दारापर्यंत तिचा हात धरला होता. दारात तिने तो हात डॉक्टरांच्या हातात दिला, कोपराची आतली बाजू वर करून. अक्षरं अजून काळीभोर होती. मग ती भिंतीला टेकून खाली बसली, आपल्या मुलीच्या वेळी बसली असेल तशी, आणि दाराकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी गंगूच्या पाठीत सुई दिली. तिचे पाय जड झाले, मग गेल्यासारखे झाले. ती घाबरली. "डाक्टर, पाय गेले."

"गेले नाही. झोपले. तुमी जाग्या हा ना? मंग बोला. पऱ्हाटी किती लावली अवंदा?"

ती कपाशीबद्दल सांगत होती, बोंडअळीबद्दल, नवऱ्याने दुबार पेरलेल्या ज्वारीबद्दल. मध्ये आवाज थांबला की डॉक्टर पुढचं विचारत. सर्जनसाहेब तोंडातून अक्षर न काढता काम करत होते. आणि मग मूल रडलं. दाराबाहेरून मैनाआत्याचा आवाज आला, "कोण रडलं? गंगी का लेकरू?"

"दोघंबी," डॉक्टर ओरडून म्हणाले. तसं ते कधी ओरडत नसत.

मी मूल पुसून गंगूच्या उशाशी घेऊन गेले. पाठीत भूल दिलेल्या माणसाने डोकं अजिबात उचलायचं नाही, सपाट पडून राहायचं, नाहीतर पुढे डोकं भयंकर दुखतं, असा तेव्हा कडक नियम होता. सगळ्या जिल्ह्याला मान उचलायला लावणारे डॉक्टर तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "मान उचलू नका, अम्मा. पडून राहा."

गंगूने त्यांचा हात बाजूला केला आणि मूल दिसेपर्यंत मान उचलली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते तिला खाली ठेवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तिच्या मानेखाली आपला तळहात धरला आणि मोजायला लागले, "ओकटी, रेंडू, मूडू."